लिस्बनमधील हिवाळी सुट्टी : घर कसे निवडावे आणि दिवस कसे आखावेत

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे डिसेंबर, जानेवारी किंवा फेब्रुवारीत दहा-बारा दिवस राहण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. या काळात तिथे दुपारचे तापमान साधारण 15 अंश सेल्सियस आणि पहाटेचे 8 ते 9 अंश असते. बर्फ जवळजवळ कधीच पडत नाही. 29 जानेवारी 2006 रोजी तो पडला, तेव्हा ती मोठी बातमी ठरली होती. पाऊस मात्र पडतो. नोव्हेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत प्रत्येकी सुमारे सव्वाशे मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईच्या जुलैपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु हा पाऊस अटलांटिकवरून वाऱ्यासह येतो, कधी तासाभरात ओसरतो आणि कधी दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो. पाऊस थांबला की स्वच्छ, तिरके ऊन पडते आणि शहराच्या पांढऱ्या-पिवळ्या भिंती उजळून निघतात. उन्हाळ्यातल्या गर्दीत आणि पांढऱ्याफटक प्रकाशात हे रूप दिसत नाही, म्हणूनच मी हिवाळ्यातल्या लिस्बनची शिफारस करतो.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे : दोन गोष्टी पुष्कळ आधी पक्क्या कराव्यात, त्या म्हणजे प्रवासाच्या तारखा आणि उबदार घर. बाकी जवळजवळ सर्व गोष्टी मोकळ्या ठेवून रोज सकाळी आकाश पाहून ठरवाव्यात. ‘पहिला दिवस अमुक, दुसरा दिवस तमुक’ अशी सहलीच्या कंपन्यांची पद्धत लिस्बनच्या हिवाळ्यात हमखास कोलमडते.

पहिली पायरी : तारखा

नाताळचा आठवडा, जानेवारीचा दुसरा आठवडा ते महिनाअखेर, आणि फेब्रुवारी असे तीन पर्याय आहेत, आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

नाताळात रस्त्यांवर रोषणाई असते, बेकऱ्यांच्या काचांमागे सुकवलेल्या साखरपाकातल्या फळांनी सजवलेला ‘बोलु रेइ’ नावाचा गोल केक मांडलेला असतो, आणि 31 डिसेंबरच्या रात्री तेजो नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउ या विशाल चौकात आतषबाजी होते. मात्र 24 तारखेच्या दुपारपासून दुकाने आणि उपाहारगृहे भराभर बंद होऊ लागतात. पोर्तुगीज कुटुंबे त्या रात्री घरीच, खारवलेल्या कॉड माशाच्या जेवणासाठी एकत्र जमतात. 25 डिसेंबर आणि 1 जानेवारी या दिवशी सरकारी संग्रहालये व स्मारके बंद असतात. त्याखेरीज 1 आणि 8 डिसेंबर या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. मुलांच्या शाळेमुळे नाताळाशिवाय पर्याय नसेल, तर 24 आणि 25 या दोन दिवसांचा शिधा 23 तारखेलाच घरात भरून ठेवावा.

शाळेचे बंधन नसलेल्यांनी 8 जानेवारीनंतरचा काळ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 6 जानेवारीला सणांचा हंगाम संपतो, घरांचे आणि विमानांचे दर उतरतात आणि रांगा आखूड होतात. दिवसही हळूहळू मोठा होऊ लागतो. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सकाळी पावणेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो. उजेडाचा हा जास्तीचा तास फिरणाऱ्यासाठी फार मोलाचा असतो.

दुसरी पायरी : व्हिसा आणि प्रवास

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने भारतीय पारपत्रधारकांना अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. शुल्क प्रौढांसाठी 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. निर्णयासाठी सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण नियमानुसार ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. नाताळाच्या प्रवासाचे अर्ज एकदम येतात, त्यामुळे भेटीची वेळ मिळणे हीच मोठी अडचण असते. डिसेंबरात जायचे असेल तर सप्टेंबरातच कागदपत्रांना हात घालावा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले असावे. त्याच प्रवासात स्पेन किंवा फ्रान्सही जोडणार असाल, तर ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो.

मुंबईहून लिस्बनला जाताना बहुतेकांना आखातात, इस्तंबूलमध्ये किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावे लागते. यात एक बारकावा आहे. दुबईमार्गे गेल्यास शेंगेनची सीमातपासणी लिस्बनमध्ये होते, तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेल्यास ती मधल्याच विमानतळावर होते. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन प्रवाशांची नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली, आणि तिच्यामुळे तपासणीच्या रांगा लांबतात. मधल्या विमानतळावर तपासणी होणार असेल तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर आणखी जास्त ठेवावेत.

तिसरी पायरी : घर, आणि घरातली थंडी

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. लिस्बनच्या हिवाळ्यात बाहेरची हवा सुसह्य असते, पण जुन्या इमारतींतल्या खोल्या गारठलेल्या असतात. तिथल्या बहुसंख्य घरांत मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था नसते. दगडी भिंती, फरशीची जमीन, एकाच काचेच्या लाकडी खिडक्या आणि हवेतला दमटपणा यांमुळे बाहेर 14 अंश असताना आतही जवळपास तेवढेच तापमान असू शकते. तीन तास बाहेर फिरून आल्यावर शरीराला ऊब हवी असते, आणि ती मिळाली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्दी-खोकला ठरलेला.

म्हणून घर आरक्षित करण्यापूर्वी मालकाला पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत. गरम हवा देणारे वातानुकूलन यंत्र आहे का, आणि ते झोपण्याच्या खोलीत आहे की फक्त दिवाणखान्यात? नसल्यास तेलाचे विजेवर चालणारे हीटर किती आहेत? खिडक्यांना दुहेरी काच आहे का? घर दक्षिणेकडे तोंड करून आहे का? दक्षिणमुखी खोलीत हिवाळ्याचे खाली उतरलेले ऊन दुपारभर आत येते, भिंती कोरड्या राहतात आणि बुरशीचा वास येत नाही. दमटपणा शोषणारे यंत्र घरात असेल तर ती मोठीच सोय समजावी. कपडे वाळवण्याचे यंत्रही विचारून घ्यावे, कारण गच्चीत किंवा खिडकीबाहेर घातलेले कपडे या दिवसांत दोन-दोन दिवस ओलसर राहतात. ते नसेल तर जवळपास नाणी टाकून चालणारे धुलाईकेंद्र कुठे आहे, हे पाहून ठेवावे.

तिथे पोहोचल्यावर पाळायच्या दोन सवयी सांगतो. सूर्य मावळताच खिडक्यांच्या बाहेरील झडपा पूर्ण ओढून घ्याव्यात आणि ऊन आले की त्या उघडून अर्धा तास खोलीत वारा खेळू द्यावा. दुसरे म्हणजे, तिथल्या घरांना ठरावीक मर्यादेपर्यंतच वीजभार मंजूर असतो. हीटर, किटली आणि ओव्हन एकाच वेळी लावले तर मुख्य कळ पडून घरभर अंधार होतो. घरमालकाकडून ती कळ कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. गॅसवर पाणी तापवणारे यंत्र असेल तर त्या खोलीची झरोक्याची जागा थंडी लागते म्हणून कधीही बंद करू नये; विषारी वायू साचून जीव जाऊ शकतो.

वस्ती कोणती निवडावी, याबाबत प्रवासवर्णने वाचून आल्फामा या जुन्या भागाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तिथल्या गल्ल्या सुंदर आहेतच, परंतु त्या अरुंद असल्याने हिवाळ्यात अनेक घरांत ऊन शिरत नाही, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि सामान घेऊन चढताना दमछाक होते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने आव्हेनिदाश नोव्हाश किंवा आल्व्हालाद या सपाट, रुंद रस्त्यांच्या आणि मेट्रोने जोडलेल्या भागांत राहावे. तिथे पर्यटकांपेक्षा रहिवासी अधिक आहेत, फळवाले आणि बेकऱ्या कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत आणि इमारती त्यामानाने नव्या आहेत. कांपु द ओरिक हा भागही राहण्यास अतिशय चांगला आहे, त्याचा बाजार पाहण्यासारखा आहे. मात्र तिथे मेट्रो नाही. मुक्कामावर शहराचा पर्यटन कर माणशी, रात्रीमागे 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत आकारला जातो. तो भाड्यात धरलेला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

चौथी पायरी : कपडे आणि पादत्राणे

महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेला लागणारे कपडे आणि त्यावर पाऊस-वारा अडवणारे, टोपी असलेले जाकीट, एवढे पुरते. जाडजूड एकच कोट नेण्यापेक्षा पातळ थर्मल, लोकरी स्वेटर आणि जाकीट असे थर ठेवावेत, कारण दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि सावलीत शिरताच पुन्हा घालावा लागतो. छत्री नेली तरी वाऱ्यात ती उलटते, तिच्यावर विसंबू नये.

पादत्राणांबाबत मात्र तडजोड नको. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसाल्टच्या काळ्या लहान दगडांचे, हाताने नक्षी बसवून केलेले असतात. वर्षानुवर्षे पायांनी घासून गुळगुळीत झालेला हा चुनखडीचा दगड ओला झाला की त्यावर, विशेषतः उतारावर, पाय सरकतो. खोल रेषा असलेला रबरी तळवा आणि पाणी आत न शिरू देणारे बूट हवेत, आणि ओले झाल्यास बदलायला दुसरा जोड हवा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी जरूर न्यावी. घरात वापरायला जाड तळव्याच्या सपाता आणि लोकरी मोजे न्यावेत. तिथली फरशी पायांना फार गार लागते.

पाचवी पायरी : पहिले दोन दिवस

विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका थेट तिथून सुटते. स्थानकावरील यंत्रातून ‘नाव्हेगांत’ नावाचे कागदी कार्ड घ्यावे. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, बस, ट्राम, फेरी आणि उपनगरी रेल्वे या सर्वांवर ते चालते. रोख रक्कम बँकेच्या शाखेला लागून असलेल्या ‘मल्टिबांको’ यंत्रातून काढावी, आणि यंत्राने ‘रुपयांत आकारणी करू का’ असे विचारल्यास नकार देऊन युरोच निवडावेत, म्हणजे विनिमयाचा वाईट दर माथी बसत नाही.

हिवाळ्यात भारताची वेळ लिस्बनच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटू लागतात. या दोन दिवसांत लांबचा बेत ठेवू नये. जवळची बेकरी, वाणी, औषधाचे दुकान आणि बसथांबा शोधावा, दुपारी तासभर उन्हात चालावे, आणि रात्री नऊपर्यंत कसेही करून जागे राहावे. शहरातील औषधाची दुकाने हिरव्या क्रॉसच्या दिव्यावरून ओळखू येतात. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

सहावी पायरी : उन्हाची यादी आणि पावसाची यादी

निघण्यापूर्वी घरीच दोन कागद करावेत. एकावर ऊन असताना करायच्या गोष्टी आणि दुसऱ्यावर पाऊस असताना करायच्या गोष्टी लिहाव्यात, आणि प्रत्येकीसमोर ती जागा कोणत्या वारी बंद असते तेही नोंदवावे. अनेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. काहींची दुरुस्तीही चालू असते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते उघडे असल्याची खात्री करावी. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी पोर्तुगालच्या हवामान संस्थेचा, म्हणजे इप्माचा, तासागणिक अंदाज पाहावा. ती संस्था पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. पिवळ्या इशाऱ्यात शहरात राहून बेत करता येतो. नारिंगी इशारा वाऱ्याचा किंवा लाटांचा असेल तर समुद्रकिनारा आणि डोंगर यांकडे फिरकू नये.

उन्हाच्या यादीत सर्वांत वर टेकड्यांवरील सज्जे, म्हणजे शहर न्याहाळण्याच्या मोकळ्या जागा, असाव्यात. सेन्योरा दु मोंत आणि ग्रासा येथून किल्ला, नदी आणि लाल कौलांचे उतार एकाच दृष्टिक्षेपात येतात. तिथे सकाळी साडेनऊ-दहाला जावे, तेव्हा सूर्य पाठीमागून किंवा बाजूने असतो आणि समोरचा किल्ला उजळतो. तिथून उतरत आल्फामातून नदीपर्यंत चालत यावे. 28 क्रमांकाची ट्राम याच भागातून जाते, पण गर्दीच्या वेळी तीत खिसेकापू असतात. बसायचेच असेल तर सकाळी लवकर, शेवटच्या थांब्यावरून बसावे आणि पाकीट आतल्या खिशात ठेवावे. ग्लोरिया या चढाच्या केबल-ट्रामला 3 सप्टेंबर 2025 रोजी भीषण अपघात होऊन 16 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अशा वाहनांची सेवा थांबवण्यात आली होती, त्यामुळे चढ पायी किंवा बसने चढावे लागतील असेच धरून बेत करावा.

दुसरी उन्हाची जागा म्हणजे बेलें हा नदीकाठचा भाग. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल पहिला याने बांधायला घेतलेला जेरोनिमुस मठ आणि नदीतला बुरूज यांना 1983 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मठ बंदिस्त असल्याने तो पावसाच्या यादीत घालण्याचा मोह होतो, परंतु त्याची रांग उघड्यावर असते, म्हणून तो उन्हातच पाहावा. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. 1498 मध्ये कालिकतला पोहोचलेला आणि 1524 मध्ये कोचीत मरण पावलेला हा माणूस आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात कशा प्रकारे आला, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने त्या समाधीसमोर थोडा वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. तिथले फलक पराक्रमाचीच बाजू अधिक सांगतात. नंतर चालत नदीकाठी यावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येला, तेजो नदीच्या मुखाच्या बाजूला मावळतो, आणि बेलेंच्या काठावरून तो उत्तम दिसतो.

काइश दु सोद्रेहून नदीपलीकडच्या कासील्याशला जाणारी फेरीही याच यादीत घालावी. दहा मिनिटांचा प्रवास आहे, तिकीट मामुली आहे आणि परतताना संपूर्ण शहर समोरून सरकत येते.

पावसाची यादी माझ्या मते या शहरात जास्त समृद्ध आहे. साँव रोक या चर्चचा दर्शनी भाग इतका साधा आहे की अनेकजण तसेच पुढे निघून जातात. आत डाव्या हाताला संत योहानाचे एक छोटे उपमंदिर आहे. राजा जुआँव पाचवा याने 1740 च्या दशकात ते रोममध्ये बनवून घेतले, मग सुटे करून जहाजाने लिस्बनला आणवले. जवळ जाऊन पाहावे : निळे खांब लाजवर्दाचे आहेत, आणि वेदीवरचे जे चित्र दुरून रंगवलेले वाटते ते बारीक रंगीत तुकड्यांचे जडावकाम आहे. याच चर्चच्या मागील खोलीत संत फ्रान्सिस झेवियरच्या जीवनावरची आंद्रे रैनोझुने रंगवलेली वीस चित्रे आहेत. ज्यांनी जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकात झेवियरचे अवशेष पाहिले आहेत, त्यांना ही चित्रे लगेच जवळची वाटतील.

मुंबईकरांसाठी साँव विसेंत द फोरा या मठाला खास महत्त्व आहे. 1661 च्या विवाहकरारात मुंबईचे बेट हुंड्यात देऊन जिचा विवाह इंग्लंडच्या राजाशी ठरला, ती कातारिना राणी वृद्धापकाळी लिस्बनला परतली, 1705 मध्ये तिथेच वारली आणि याच मठातील ब्रागांसा घराण्याच्या दफनगृहात विसावली. वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर प्राण्यांच्या फ्रेंच बोधकथा रंगवलेले 38 फलक आहेत. मुले तिथे सहज तासभर रमतात. पाऊस थांबला तर त्याच इमारतीच्या गच्चीवर जाता येते.

राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. तिथे जपानमधले पोर्तुगीजांचे आगमन दाखवणारे जपानी चित्रकारांचे पडदे आहेत, भारतातल्या कारागिरांनी केलेले लाकडी जडावाचे फर्निचर आहे आणि आफ्रिकेतील किल्वाहून आलेल्या सोन्याचे, 1506 सालचे पूजापात्र आहे. आल्कांतारा भागातले ओरिएंत संग्रहालय खारवलेल्या कॉडच्या जुन्या गोदामात 2008 साली सुरू झाले. गोवा, दमण-दीव आणि पूर्वेकडील वसाहतींच्या वस्तू तिथे नीट मांडल्या आहेत. हे संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे एक कार्यालय पणजीतही आहे. गुलबेंकियान संस्थेचे मुख्य संग्रहालय 2025 मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाले. ते उघडले असल्यास पावसाळी दुपारीसाठी त्याच्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. नसल्यास त्याच आवारातील आधुनिक कला केंद्र पाहावे.

फार पाऊस असेल आणि अंगात त्राण नसेल, तेव्हा एका तिकिटावर मेट्रोची स्थानके पाहावीत. ओलायाश स्थानकाचे रंगीत छत आणि पार्क स्थानकाच्या निळ्या भिंती बाहेरच्या पावसाचा विसर पाडतात. कार्मु मठाचे भग्नावशेष मात्र पावसात टाळावेत, कारण 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात कोसळलेले त्याच्या चर्चचे छत पुन्हा बांधले गेले नाही; ते आकाशाखाली उघडे आहे.

सातवी पायरी : खाणेपिणे, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

दुपारी उपाहारगृहात दिवसाचे ठरलेले ताट स्वस्त आणि भरपूर असते. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचित मिळते. जागेवर बसताच पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढ्यात ठेवले जाते. ते मोफत नसते. नको असल्यास नम्रपणे परत पाठवावे, कोणी वाईट मानत नाही.

शाकाहारी व्यक्तींनी सूपबाबत सावध राहावे. ‘काल्दु वेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप हिवाळ्यात सुरेख लागते, पण त्यात डुकराच्या मांसाचे सॉसेज घालतात. ‘सें कार्न, सें पेश’ म्हणजे मांस नको, मासा नको, हे शब्द पाठ करावेत आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हेही विचारावे. ‘पाश्तेल द नाता’ या प्रसिद्ध गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच. तो तिथल्या असंख्य कॉफीगृहांत मिळतो, मात्र बहुधा मांसाचा असतो, म्हणून भाजीचा आहे का ते विचारून घ्यावा. मार्तिम मोनीझ चौकाच्या परिसरात दक्षिण आशियाई वाण्यांची दुकाने आहेत आणि डाळ, तांदूळ, कणीक, मसाले तिथे मिळतात. लुमियार भागात पोर्तुगालमधील हिंदू समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे. हा समाज प्रामुख्याने मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा आहे. गोव्याचे जेवण देणारी उपाहारगृहेही शहरात आहेत.

हिवाळ्यातच मिळणाऱ्या दोन गोष्टी चुकवू नयेत. एक म्हणजे आल्गार्व्ह या दक्षिण पोर्तुगालच्या प्रदेशातली संत्री, जी या दिवसांत भरात असतात. दुसरी म्हणजे भाजलेले चेस्टनट. चौकाच्या कोपऱ्यावर विक्रेत्याची हातगाडी उभी असते, मातीच्या भांड्यात कोळशावर चेस्टनट भाजत असतात आणि पांढरा दाट धूर रस्त्यावर पसरलेला असतो. भाजताना घातलेल्या मिठामुळे टरफलावर राखाडी पापुद्रा चढतो. कागदाच्या पुडीत डझनभर घ्यावेत, हात शेकत शेकत सोलावेत आणि गरम असतानाच संपवावेत. गार झाले की ते पिठूळ लागतात.

आठवी पायरी : शहराबाहेरचे दिवस

दहा दिवसांत दोन, फार तर तीन दिवस बाहेर जावे. सिंत्राला रोसियु स्थानकातून लोकल गाडीने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. तो डोंगराळ, दाट झाडीचा भाग आहे. लिस्बनमध्ये ऊन असताना तिथे धुके असू शकते आणि गारठा जास्त असतो. पेना राजवाड्याच्या अंतर्भागाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून ते आदल्या संध्याकाळी, अंदाज पाहूनच काढावे. पोहोचल्यावर वर धुके दिसले तर गावातच, दोन उंच शंकूच्या धुराड्यांचा जुना राजवाडा पाहावा. वादळी वाऱ्यात तिथली उद्याने बंद ठेवतात.

कश्काइश या किनाऱ्यावरच्या गावाची गाडी काइश दु सोद्रेहून नदी आणि समुद्राच्या काठाकाठाने जाते, डावीकडे बसावे. अटलांटिकच्या महाकाय लाटा पाहायच्या असतील तर नाझारे हे किनाऱ्यावरचे गाव गाठावे. सेत रियुश स्थानकातून बसने साधारण दोन तास लागतात. किनाऱ्यासमोरच्या खोल सागरी दरीमुळे ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथे प्रचंड लाटा उसळतात. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथे एका सर्फरने स्वार होऊन पार केलेली 26.21 मीटर उंचीची लाट विक्रम म्हणून नोंदली गेली. मात्र अशा लाटा रोज येत नाहीत, तेव्हा सर्फिंगचा अंदाज पाहूनच जावे. दीपगृहाजवळच्या किल्ल्यावरून पाहावे आणि खाली वाळूत किंवा खडकांवर कदापि उतरू नये.

परतीच्या वेळी

शेवटच्या दिवशी बाहेरगावचा बेत ठेवू नये. बूट आदल्या रात्रीच वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवावेत. बुचाच्या वस्तू, डबाबंद सार्डिन आणि हाताने रंगवलेल्या फरश्या या तिथल्या चांगल्या भेटी आहेत. फरश्या जड असतात, त्यामुळे सामानाचे वजन आधी करून पाहावे. जुन्या इमारतींवरून काढलेल्या चोरीच्या फरश्याही बाजारात येतात, म्हणून नव्या आणि पावतीसह घ्याव्यात. चेरीचे मद्य न्यायचे असल्यास बाटली मोठ्या बॅगेत टाकावी. भारतात येताना प्रौढ व्यक्तीला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. विमानतळावर सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचावे, आणि नाव्हेगांत कार्डात शेवटच्या मेट्रोपुरतेच पैसे उरतील असे आधीच पाहावे.